भोंग्याची बखर

आपल्याकडे बखरी पुष्कळ झाल्या. राजांच्या झाल्या, सरदारांच्या झाल्या, पानिपताची तर झालीच झाली. पण भोंग्याची बखर कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. वास्तविक घोड्याने आणि तलवारीने मराठी माणूस जेवढा हलवला, त्याहून अधिक तो भोंग्याने हलवला असेल. पहाटे उठवला, गिरणीत पाठवला, लढाईच्या दिवसांत दिवे मालवून अंधारात बसवला. नगरपालिकेच्या भोंग्यावर घड्याळे लावणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. त्या पिढीत भोंगा कधी चुकत नसे. चुकायची ती घड्याळे.

तेव्हा हे काम वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराने अंगावर घेतले आहे. इतिहासाचे प्राध्यापक नाक मुरडतील. मुरडोत बापडे. जमेला काय आणि नावे काय, एवढे मला कळते, आणि इतिहासात तरी शेवटी दुसरे काय पाहायचे असते?

बखरीला निमित्त मात्र ताजे आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला, आणि त्यासरशी घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होऊ लागले. साडेआठपर्यंत बंद. दीड तास!

ही बातमी आमच्या कोयनानगरात पोहोचली ती अर्थात मोबाईलवर. शाखेतल्या सहा जणांनी ती एकमेकांना पाठवली, दोन-दोन टेबलांच्या अंतरावरून, आणि मग जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने दुसऱ्याला विचारले, "वाचलंस का?"

"पण मी म्हणतो, फोन खाली ठेवायला भोंगा कशाला लागतो?" आमचे हेड कॅशियर म्हणाले. "ठेवला की झालं!" हे म्हणताना त्यांचा अंगठा फोनवर चालूच होता. तो अंगठा आता नोटा मोजण्यापेक्षा ह्याच कामाला जास्त सरावला आहे.

प्रश्न मात्र बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबईच्या कापडगिरणीचा भोंगा हा आपल्या बखरीचा मूळपुरुष. तो माणसाला कामावर बोलावी. घरी जा, आज येऊ नकोस, असे सांगणारा भोंगा तेव्हा निघालेला नव्हता. आठवड्याला एक हक्काची सुट्टी ही कल्पना मालकांना परवडणारी नव्हती आणि कामगारांना सुचण्याइतकी सवड नव्हती. ती ज्यांना सुचली ते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. (फुल्यांचे मूळ गाव कटगुण, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यातले. बखरीत जिल्ह्याचा अभिमान एकदा तरी यावा लागतो, तो येथे आला.) लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. म्हणजे पुढची सहा वर्षे ह्या माणसाने रविवार मिळवण्यासाठी सगळे वार घालवले. आज आपण रविवारी सकाळी नऊला कूस बदलून पुन्हा झोपतो, तेव्हा लोखंड्यांची आठवण कोणाला येते? रविवार हा सूर्यचंद्रांबरोबरच निर्माण झाला अशी आपली समजूत आहे.

येथे मुद्द्याची गोष्ट अशी. एखाद्या कामगाराने त्या काळी एकट्यानेच आपला रविवार घेतला असता, तर त्याला सुट्टी कोणी म्हटले नसते. खाडा म्हटले असते, आणि पगार कापला असता. सगळ्या गिरण्या एकदम थांबल्या तेव्हा त्याच खाड्याची सुट्टी झाली.

हे बँकवाल्यांना लवकर कळले होते. विलायतेत १८७१ साली बँकांना वर्षाकाठी चार सुट्ट्या देणारा कायदा झाला, तो मांडणारे सर जॉन लबक स्वतः पिढीजात बँकर होते. एक बँक बंद आणि शेजारची उघडी असली तर हुंड्यांचा घोळ व्हायचा. सगळ्याच बंद ठेवल्या तर कोणाचाच खोळंबा नाही, असा हा रोकडा विचार. आपल्याकडे १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये सार्वजनिक सुट्टीचा उल्लेख कलम २५ मध्ये येतो. त्या कायद्याची बाकीची कलमे आम्ही परीक्षेपुरती पाठ करतो. २५ वे मात्र हृदयावर कोरलेले असते.

रविवार मिळाल्यावर पुढली शंभर वर्षे माणसाला थांबवायला आणखी भोंगा लागला नाही. कारण करमणुकीची आणि बातमीची साधने स्वतःच दमत असत. पोस्टमन दिवसातून एकदा येई आणि गेला की उद्यापर्यंत गेलाच. आकाशवाणी रात्री सभा संपल्याचे सांगून झोपायला जाई. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले तेही संध्याकाळचे काही तास. त्या तासांतसुद्धा मध्येच पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी येई. आज मला त्या पाटीची थोरवी कळते. व्यत्यय आला की बारा घरची माणसे, जी एकाच खोलीत असूनही तासभर एकमेकांकडे पाहत नसत, ती एकदम बोलू लागत. कोणाच्या मुलीचे जमले, कोणाची बदली झाली, हे सगळे त्या व्यत्ययात कळे. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, पण भाग संपला की माणसे पुन्हा रस्त्यावर. पुढे काय झाले हे कळायला रामाचे भक्तही आठवडाभर थांबत. नंतर विजेच्या टंचाईने भारनियमन आणले. त्याला आपण यथेच्छ शिव्या दिल्या, आणि शिव्या देता देता ओट्यावर बसून शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या.

आता कोणी म्हणेल, तेव्हा अफवा नव्हत्या काय? होत्या की! जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब नावाची अमेरिकन प्रयोगशाळा आकाशातून पडणार म्हणून आपल्याकडे लोकांनी डोक्याला हात लावला होता. ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला, तेव्हा सामान्य माणसाच्या खिशात मोबाईल नव्हता. तरी ती बातमी एका दिवसात देशभर पोहोचली आणि परदेशातही गेली. म्हणजे अफवेला पाय तेव्हाही होते. फरक एवढाच की तेव्हाची अफवा रात्री झोपे. हल्लीची तिन्ही पाळ्यांत काम करते.

जी वस्तू आपण होऊन दमत नाही, तिच्यापुढे आपणच दमायचे किंवा आपणच तिला थांबवायचे. थांबवायला आपल्याकडे जुना मार्ग आहे, तो नेमाचा. चातुर्मास लागला की घरातली वडील माणसे कांदा सोडत, वांगे सोडत. त्यातही मराठी माणसाने आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी घालून ठेवली: उद्यापासून सोडायचा ना, मग आज भजी, थालीपीठ, भात, सगळ्यांत कांदा! फोन सोडण्याच्या बाबतीत आमची गाडी बहुधा कांदेनवमीलाच अडते. "उद्यापासून फेसबुक बंद" हे जाहीर करायला माणूस फेसबुकवर जातो, आणि मग त्यावर कोण काय म्हणाले ते पाहायला मध्यरात्रीपर्यंत तिथेच बसतो.

मोठ्यांचे नेम मोठे. गांधीजी सोमवारी मौन पाळत. त्यांना भेटायला येणाऱ्यांचे काम मात्र अडत नसे, ते चिठ्ठ्या लिहून देत. विनोबांनी पवनारला २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन धरले. इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालू आहेत. दहा दिवस तेथे राहायचे, त्यांतले बहुतेक दिवस बोलायचे नाही, आणि आता फोनही आल्याआल्या जमा करायचा. आमच्या शाखेतले एक जण जाऊन आले. मन निर्मळ झाले म्हणाले. अकराव्या दिवशी फोन परत हाती आला तेव्हा त्यात दोन हजारांवर निरोप साचले होते. मन निर्मळ करायला दहा दिवस लागले, ते निरोप निर्मळ करायला बारा लागले. बिचारे पुन्हा होते तिथे आले. गृहस्थाचा हा खाडाच. सुट्टी नव्हे.

शिवाय आम्हा कोयनानगरकरांना फोन सोडा म्हणणे सोपे नाही. येथे बखरीतला दुसरा भोंगा येतो, धरणाचा.

कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. त्यातले पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरून वीज करते, आणि पावसाळ्यात धरण भरत आले की सहा दरवाजे उचलून उरलेले पूर्वेला नदीत सोडतात. सोडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना भोंगा वाजवून सावध करतात. हे पाणी कराडला कृष्णेत जाते आणि पुढे सांगलीला आयर्विन पुलाखाली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी गाठली होती आणि अर्धी सांगली पाण्यात होती. त्यामुळे जुलै उजाडला की सांगलीतल्या माझ्या साडूभाऊंचा रोज सकाळी फोन येतो, "काय राव, किती टीएमसी?" मी कोयनानगरात राहतो म्हणजे दरवाजांच्या किल्ल्या माझ्या उशाखाली असतात असा सासुरवाडीचा समज आहे. नवजाला किती पाऊस, महाबळेश्वरला किती, दरवाजे किती फुटांवर, हे आकडे माझ्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून त्यांच्या गल्लीत आणि तिथून फिरून दुपारी पुन्हा माझ्याकडे येतात. येताना थोडे वाढलेले असतात. ठेवीवर इतके व्याज आमची बँक देत नाही.

गंमत सोडा. साडूभाऊंच्या तळमजल्यावर २०१९ ला छातीइतके पाणी होते. त्यांना फोन बंद ठेवा म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण गेल्या पावसाळ्यात भलत्याच कुठल्या धरणाच्या दरवाजांचे चित्र कोयनेचे म्हणून त्यांच्याकडे आले आणि त्यांनी रात्री एक वाजता फ्रीज माडीवर चढवला. सकाळी उतरवला. आता कंबर धरून बसले आहेत. धरणाचा भोंगा असे करीत नाही. तो एकच गोष्ट सांगतो, खरी सांगतो, आणि सांगून झाली की गप्प बसतो. फोनही तेच सांगतो, पण त्याच्या आधी आणि नंतर तीनशे गोष्टी सांगतो. त्या तीनशेंच्या भीतीने आपण रात्रभर जागे, आणि खरी एक आली तर तिच्यावर विश्वास ठेवायची ताकद उरलेली नाही.

म्हणून वडगावचा तिसरा भोंगा मला महत्त्वाचा वाटतो.

हकीकत अशी की करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती फोन आले. शाळा उघडल्या, फोन काही हातातून सुटेनात. सरपंच विजय मोहिते ह्यांनी दीड तासाच्या बंदची कल्पना काढली, तेव्हा पुरुषमंडळींनी आधी ती हसण्यावारी नेली. मग विषय महिलांपुढे गेला. त्यांनी आपल्या पायापुरते आधी पाहिले: आम्हीही मालिकांपुढून उठत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले, आणि गावाचा निर्णय झाला. ठरावाने सवय मोडत नाही हे त्यांना माहीत असावे, कारण सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सात वाजल्याची आठवण देत फिरले. दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. पोलीस नाही, जप्ती नाही.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनेही मोबाईलविषयी ठराव केला, तो अठरा वर्षांखालच्यांना बंदी करणारा. त्यामागची काळजीही खरीच. पण मला आपले वडगावचे गणित जास्त पटते. कारण बाप फोन पाहत पोराला "अभ्यास कर" म्हणतो, तेव्हा पोरगे अभ्यासच करीत असते, बापाचा. वडगावात बाप, आई, आजोबा आणि पोर, सगळ्यांचा फोन एकाच वेळी खाली गेला. निरोप पाठवणाराच बसला आहे, तर चुकणार काय? लोखंड्यांनी गिरणीत केले आणि लबकसाहेबांनी बँकेत केले, तेच हे. हेड कॅशियरांच्या प्रश्नाचे उत्तर हेच, की फोन एकट्याने ठेवता येतो, पण तो खाडा होतो. सुट्टी व्हायला भोंगा लागतो.

हे त्यांना मी जेवणाच्या सुट्टीत समजावून दिले. ते म्हणाले, "मग आपल्या क्वार्टर्समध्ये करून बघू."

आमच्या इमारतीत चार कुटुंबे. भोंगा नव्हता. बँकेत एक आहे, पण तो वाजवला तर पोलीस येतात. शेवटी तळमजल्यावरच्या वहिनींचा कुकर भोंगा म्हणून मुक्रर झाला. संध्याकाळी तिसरी शिट्टी झाली की चारही घरचे फोन पितळी डब्यात, आणि डबा जिन्याखाली. धरणाचा भोंगा वाजला तर डबा उघडायचा, एवढा एकच अपवाद. क्रिकेटचा दुसरा अपवाद घालण्याची सूचना एका मताने फेटाळली गेली, ते मत वहिनींचे होते.

पहिल्या दिवशी आम्ही जिन्यात बसलो आणि कोणालाच काही सुचेना. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे चेहरे. मुले डब्याकडे पाहत होती, मोठे मुलांकडे पाहत आहेत असे दाखवून डब्याकडेच पाहत होते. दुसऱ्या दिवशी हेड कॅशियरांच्या मातोश्री खाली आल्या. वय ऐंशी. पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता तासभर कोणी उठणार नाही ना?"

"नाही आई," हेड कॅशियर म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे साडेचार वाजायचे होते. हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. कोयनानगरात ही तारीख प्रत्येक पोराला ठाऊक असते. भूकंप साडेसहा रिश्टरच्या आसपासचा होता, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, वसाहतीतली बहुतेक घरे पडली. पण हे झाले आकडे. त्या बाईंचे लग्न होऊन वर्ष झाले नव्हते आणि यजमान त्या रात्री धरणावर पाळीला होते. घराचे कौल अंगावर आले तशा त्या पांघरुणासकट बाहेर पडल्या. अंधार, थंडी आणि पायाखालची जमीन अजून हलतेय. पानशेत फुटून सहाच वर्षे झाली होती, त्यामुळे जो तो धरणाच्या दिशेने कानोसा घेत होता. मोकळ्यावर जमलेली माणसे अंधारात एकमेकांची नावे घेऊन हाका मारत होती. जो 'ओ' देई तो आहे. एका घराकडून ओ आली नाही. उजाडेपर्यंत लोक तेच नाव घेत राहिले.

"आणि आजोबा?" नातवाने विचारले.

"उन्हं आल्यावर चालत आले. तोवर आहेत की नाहीत, मला काय ठाऊक?"

"आत्ता असतं तर एक मेसेज टाकला असता त्यांनी."

"टाकला असता रे," आजी म्हणाल्या. "तेव्हा तोच तर हवा होता."

जिन्यात कोणी बोलले नाही. मग हेड कॅशियर हळूच म्हणाले, "आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायला बसावं, तर कोणाचा तरी वाजतो," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी डबा नऊला उघडला. उशीर झाल्याची तक्रार कोणी केली नाही.

ह्या गोष्टीला आता दीड महिना झाला. जमाखर्च मांडायचा तर सात संध्याकाळींपैकी चार पाळल्या जातात, दोन पाहुण्यांमुळे बुडतात आणि एक कशी बुडते ते कोणालाच सांगता येत नाही. वाणिज्य शाखेच्या हिशेबाने हे वाईट कर्जखाते नव्हे. मुले पाढे सुधारली वगैरे दावा मी करणार नाही, परंतु शिट्टी मोजायला तीच आधी येऊन बसतात. आजींची गोष्ट त्या रोज थोडी पुढे नेतात आणि "काल कुठवर आले होते मी?" असे विचारतात, तेव्हा चौघेजण एकदम उत्तर देतात. काल आम्ही भूकंपानंतरच्या तंबूपर्यंत आलो. त्या तंबूत कोणाचे तरी बारसे झाले म्हणे, ते आज ऐकायचे आहे.

तेवढ्यात तळमजल्यावरून वहिनींचा निरोप आला आहे की गॅस संपला, कुकर लावता येत नाही, कोणाकडे जादा सिलिंडर असेल तर ताबडतोब खाली पाठवा. निरोप अर्थातच मोबाईलवर आला. मी तो बाकी तिघांना लगेच पाठवला आहे.